तागडी, बारा डब्या आणि एक लबाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या घरी दर रविवारी सकाळी आठ-दहा मुलं कोडी सोडवायला येतात. आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांची पितळी पारड्यांची तागडी माळ्यावर धूळ खात पडली होती, ती पुसून काढली आणि तिथून हा उद्योग सुरू झाला. मुलांपेक्षा पालकच जास्त शंका विचारतात, आणि त्याही त्याच त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

हे कोडं नेमकं काय आहे?

दिसायला अगदी सारख्या अशा काही वस्तू असतात. त्यातली एक वजनाने वेगळी, तीच लबाड. हाताशी फक्त तागडी, वजनं नाहीत. कमीत कमी किती तोलांत ती वेगळी वस्तू पकडाल? कधी ती जड आहे की हलकी हे आधीच सांगतात, कधी सांगत नाहीत. सांगितलं तर कोडं सोपं, नाही तर भल्याभल्यांचा घाम निघतो. कोडं वाचताना पहिल्यांदा हीच ओळ शोधायची. अर्ध्या चुका इथेच होतात.

सुरुवात कुठून करू? माझी मुलगी सहावीत आहे.

नऊ डब्यांपासून करा. समजा, मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला तुम्ही बेळगावहून पाव किलो कुंद्याचे नऊ डबे आणलेत. घरी आल्यावर दुकानदाराचा फोन येतो: "एका डब्यात माल कमी भरलाय बघा." डबे सीलबंद. कुठला फोडायचा?

बहुतेक मुलं चार इकडे, चार तिकडे ठेवतात. जी बाजू वर जाईल तिचे चार घेऊन दोन-दोन करतात, मग एक-एक. म्हणजे तीन तोल. पण दोनच पुरतात. तीन डबे डाव्या पारड्यात, तीन उजव्यात, तीन खाली पाटावर. डावं पारडं वर गेलं तर हलका डबा डावीकडच्या तिघांत. उजवं वर गेलं तर उजवीकडच्या तिघांत. आणि दोन्ही सम राहिली तर पाटावरच्या तिघांत. आता उरले तीन. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पाटावर. झालं.

पाटावरच्या तीन डब्यांना आपण हातसुद्धा लावला नाही, तरी त्यांच्याबद्दल कळलं. सगळ्या कोड्याचा जीव इथे आहे. मुलांना हे सांगून पटत नाही, तागडीपुढे बसवावंच लागतं. काटा मधोमध थांबला की त्यांची नजर आपोआप पाटाकडे वळते, आणि तेव्हा चेहरा बघण्यासारखा असतो.

अर्धे-अर्धे करण्यात चूक काय? आम्ही शाळेत तसंच शिकलो.

तागडी दोन उत्तरं देते असं धरून चाललात की अर्धे-अर्धे सुचतं. पण ती तीन उत्तरं देते: डावं खाली, उजवं खाली, सम. तिसरं उत्तर वापरलंच नाही तर फुकट गेलं.

हे मला चांगलंच लागलंय. सातवीत असताना एका स्पर्धेत आठ गोळ्यांचं कोडं आलं होतं, एक जड. मी उत्तर लिहिलं, दोन तोल: तीन-तीन ठेवायच्या, दोन बाजूला. तपासणाऱ्यांच्या उत्तरपत्रिकेत तीन होतं, त्यांनी लाल रेघ मारली. विचारायला गेलो तर म्हणाले, "आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तू कुठला शहाणा?" मी गप्प बसलो. आजोबा रात्री दुकान बंद करून आले आणि त्यांनी आठ लिंबं घेऊन मला करून दाखवायला लावलं. अर्थात आठ लिंबं एका वजनाची कधीच नसतात, त्यामुळे तागडीने आमची चांगलीच फजिती केली. पण कागदावर मीच बरोबर होतो. एवढ्या वर्षांनीही ती लाल रेघ आठवते, काय करणार!

किती तोल लागतील हे आधीच कसं ओळखायचं?

डब्या मोजू नका, शक्यता मोजा. एका तोलाची तीन उत्तरं, दोन तोलांची ३ × ३ = ९, तीन तोलांची २७, चारांची ८१. वेगळी वस्तू जड (किंवा हलकी) आहे हे माहीत असेल तर जितक्या वस्तू तितक्या शक्यता. म्हणून दोन तोलांत ९ पर्यंत, तीन तोलांत २७ पर्यंत. १० डब्या दोन तोलांत कुणी करून दाखवतो म्हणाला तर पैज लावा आणि बिनघोर बसा.

जड की हलकी माहीत नसेल तर प्रत्येक वस्तूच्या दोन शक्यता होतात. बारा डब्या म्हणजे २४. तीन तोलांची उत्तरं २७. २४ त्यात बसतात, पण जेमतेम. म्हणूनच हे कोडं अवघड आहे. उत्तरं वाया घालवायला फारशी सवड नाही.

मग ते प्रसिद्ध बारा डब्यांचं कोडं एकदा नीट सांगाच.

बसा. डब्यांवर १ ते १२ आकडे घाला.

पहिला तोल: १, २, ३, ४ डावीकडे आणि ५, ६, ७, ८ उजवीकडे. ९ ते १२ पाटावर.

सम आलं? मग पहिल्या आठही डब्या खऱ्या, आणि आता त्या आपली वजनं म्हणून वापरता येतात. दुसऱ्या तोलात ९, १०, ११ एकीकडे आणि १, २, ३ दुसरीकडे. पुन्हा सम आलं तर लबाड १२ नंबर. तिसऱ्या तोलात तिला १ नंबरशी लावून जड की हलकी बघा. सम नाही आलं तर ९, १०, ११ ची बाजू खाली गेली की वर, त्यावरून लबाड जड की हलकी हे कळलंच. आता ९ विरुद्ध १०. सम असेल तर ११, नाहीतर त्या दोघींतली कोण ते उघड आहे.

खरी मजा पहिला तोल कलला तर. समजा डावं खाली गेलं. म्हणजे १ ते ४ पैकी एक जड, किंवा ५ ते ८ पैकी एक हलकी. आठ शक्यता आणि हातात दोन तोल. इथे मुलं अडतात, कारण त्यांना कुठली बाजू खरी आणि कुठली खोटी ते ठरवायचं असतं. ठरवू नका. दोन्ही बाजू एकमेकांत मिसळा.

दुसरा तोल: डावीकडे १, २, ५. उजवीकडे ३, ४, ६. पाटावर ७, ८.

डावं खाली गेलं तर १ जड, २ जड किंवा ६ हलकी. १ विरुद्ध २ लावा: जी खाली ती जड, सम असेल तर ६ हलकी. उजवं खाली गेलं तर ३ जड, ४ जड किंवा ५ हलकी. ३ विरुद्ध ४ लावा. सम आलं तर ७ किंवा ८ हलकी. त्या दोघी समोरासमोर, जी वर जाईल ती. पहिल्या तोलात उजवं खाली गेलं असतं तर हेच सगळं जड-हलकी उलटं करून वाचायचं.

५ नंबरने पारडं बदललं, हे लक्षात आलं का? दुसऱ्या तोलात ती उजवीकडून डावीकडे आली. तिच्यासोबत कलही फिरला तर दोष तिच्याकडे. (३ आणि ४ पण फिरल्यात, म्हणून तिसरा तोल लागतो.) आमच्याकडची एक पाचवीतली मुलगी म्हणाली, "सर, ही सासरी गेली आणि भांडणही सोबत घेऊन गेली." घरात काय ऐकते कोण जाणे, पण यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा चार-चारच का? सहा-सहा का नाही?

सहा-सहा ठेवलं तर तागडी कलणारच, सम येणं शक्यच नाही. मागे राहतात १२ शक्यता आणि पुढचे दोन तोल सोडवू शकतात ९. फसलात. पाच-पाच ठेवून कललं तर १० उरतात, तरी एक जास्तच. तीन-तीन ठेवून सम आलं तर पाटावर सहा डब्या, म्हणजे पुन्हा १२. चार-चारला मात्र कुठलंही उत्तर आलं तरी ८ उरतात. म्हणून तेच. यात हुशारी नाही, हिशेब आहे.

तीनही तोल आधीच ठरवून ठेवता येतात का? मधे विचार न करता?

येतात, आणि मला हीच रीत जास्त आवडते. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा:

पहिला तोल: डावीकडे १, २, ३, १०. उजवीकडे ४, ५, ६, ११.
दुसरा तोल: डावीकडे १, २, ३, ११. उजवीकडे ७, ८, ९, १०.
तिसरा तोल: डावीकडे १, ४, ७, १०. उजवीकडे २, ५, ८, १२.

प्रत्येक वेळी कुठलं पारडं खाली गेलं ते लिहा: डा, उ किंवा स. मग प्रत्येक डबी तीन वेळा कुठे बसली होती ते बघा. उदाहरणार्थ ४ नंबर: आधी उजवीकडे, मग पाटावर, मग डावीकडे. म्हणजे तिची खूण "उ स डा". तागडीने हुबेहूब तेच उत्तर दिलं तर ४ जड. बरोबर उलटं, म्हणजे "डा स उ" दिलं तर ४ हलकी. बारा डब्यांच्या बारा खुणा अशा रचल्यात की कुठलीही खूण दुसरीशी जुळत नाही, आणि दुसरीच्या उलट्या खुणेशीही नाही. तीनही वेळा सम आलं तर लबाड कुणीच नाही.

२७ उत्तरांपैकी दोन मात्र कधीच येऊ शकत नाहीत: "डा उ उ" आणि "उ डा डा". गेल्या पावसाळ्यात एका पोराने मोठ्या तोऱ्यात वहीत "डा उ उ" लिहून आणलं. मी म्हटलं, "काय करालास रे? पारड्याला बोट लावलंस की नाही?" तो बघतच राहिला. दुसऱ्या तोलाला लावलं होतं.

तेरा डब्या तीन तोलांत होतात का? २६ तर २७ पेक्षा कमीच आहे.

चांगला प्रश्न. लबाड कोण ते सापडतं. पण ती जड की हलकी हे दर वेळी सांगता येत नाही. पहिल्या तोलाला चार-चार ठेवून सम आलं तर पाटावर पाच, म्हणजे १० शक्यता. पाच-पाच ठेवून कललं तरी १०. दोन्हीकडून नवाच्या वर. एक जादा, खात्रीची खरी डबी कुणी दिली तर मात्र पाच विरुद्ध चार अधिक ती खरी, असं ठेवून तेराही सुटतात. जादा डबी नसेल आणि जड-हलकंही सांगायचं असेल तर चार तोलांत ३९ आणि पाचांत १२० ही हद्द. रीत अशी: जितके तोल तितक्या तिनांचा गुणाकार करा, त्यातून ३ वजा करा, निम्मे करा.

हे कोडं कुणी काढलं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इंग्लंड-अमेरिकेत साथीसारखं पसरलं. शास्त्रज्ञांचा एवढा वेळ त्यात जायला लागला की हे शत्रूच्या मुलखात विमानातून टाकावं, अशी थट्टा तेव्हा चालायची असं सांगतात. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या फ्रीमन डायसनने १९४६ साली 'मॅथेमॅटिकल गॅझेट' या गणिताच्या नियतकालिकात कितीही नाण्यांसाठी चालणारी रीत दिली. तेव्हा तो विशी ओलांडलेला पोरगाच होता.

मुलगा कन्नड माध्यमात आहे. चालेल का?

का नाही चालणार? आमच्याकडे निम्मी मुलं तशीच आहेत. आपली तागडी तिकडे तक्कडी. डावं म्हणजे एड, उजवं म्हणजे बल. सम दोन्हीकडे समच! काही मुलं वहीत "ए ब स" लिहितात, मला वाचता येतं.

घरी करून बघायला वस्तू कुठल्या घ्याव्यात?

मी आधी हौसेने इथल्याच एका कुंभाराकडून बारा मातीच्या गोळ्या भाजून आणल्या. खानापूरची माती, मडकी-कौलं करणारे हात, वाटलं एकदम सारख्या निघतील. भट्टीतून आल्या तर बाराही वेगवेगळ्या वजनाच्या. सुपाऱ्या, गोट्या, कवड्या, सगळ्यांची तीच गत. निसर्गात सारखं काही नसतं हेच खरं.

शेवटी औषधाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्या घेतल्या. एकीत वाळू भरून ती नमुना ठरवली. बाकी अकरा एकेक करून तिच्यासमोर ठेवून चिमटीने वाळू घालत सम केल्या. (तांदूळही चालतात, पण बेळगावचा बासमती यात घालू नका, आई रागावेल.) मग एकीत सायकलचे बरेच छर्रे जादा टाकले. झाली लबाड. हलकी हवी असेल तर चमचाभर वाळू काढा. फरक अगदी बारीक ठेवू नका. जुन्या तागडीची दांडी आसावर घासते, दोन-चार ग्रॅम तिच्या पासंगालाही पुरत नाहीत.

तागडी नसेल तर कपडे टांगायचा हँगर, दोन सारखी झाकणं आणि दोरा. हँगर खिळ्याला टांगा, हातात धरू नका.

पासंग म्हणजे काय? आणि तागडीच खोटी असेल तर?

पारडी रिकामी असतानाही दांडी एका अंगाला कलते, तो पासंग. दुकानदार हलक्या बाजूला एखादा खडा किंवा खिळा अडकवून धडा करतात. कोडं सुरू करण्याआधी रिकामी तागडी बघाच.

दांडीच्या दोन बाजू लांबीला कमी-जास्त असतील तर मात्र धडा करूनही उपयोग नाही. रिकामी तागडी सम दिसेल आणि तोल खोटा येईल. तेव्हा वस्तू आधी एका पारड्यात तोला, मग दुसऱ्यात. एकदा ४०० ग्रॅम आले, एकदा ९०० ग्रॅम, तर खरं वजन ६५० नव्हे. दोन्हींचा गुणाकार ३,६०,०००, त्याचं वर्गमूळ ६००. खरं वजन ६०० ग्रॅम.

यातली गंमत अशी: अशा तागडीवर गिऱ्हाइकाने "एक किलो डाव्या पारड्यात द्या, एक किलो उजव्यात" म्हटलं तर त्याला दोन किलोपेक्षा थोडं जास्तच मिळतं. एकदा जेवढं कमी पडतं त्यापेक्षा दुसऱ्या वेळी जास्त येतं. आजोबांना हे गणिताने माहीत नव्हतं, पण पारडं बदलून मागणारं गिऱ्हाईक आलं की ते सावध व्हायचे.

वजनं वापरून करायची कोडी पण याच घराण्यातली का?

हो. जुनी मापं आठवा: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. दर वेळी निम्मं. कारण वजनं एकाच पारड्यात ठेवायची. पण मालाच्या पारड्यातही वजन ठेवायची मुभा असेल तर १, ३, ९, २७ एवढ्या चारच वजनांत १ ते ४० पर्यंत सगळं तोलता येतं. ५ हवे असतील तर एकीकडे ९, दुसरीकडे मालासोबत ३ आणि १. २० साठी एकीकडे २७ आणि ३, दुसरीकडे मालासोबत ९ आणि १. फ्रान्सच्या बाशे नावाच्या गणितज्ञाने १६१२ साली हे आपल्या कोड्यांच्या पुस्तकात छापलं. आणि आपला मण किती शेरांचा? चाळीस. म्हणजे चार दगडांत अख्खा मण शेराशेराने तोलता आला असता. आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "आणि गिऱ्हाईक मालाच्या पारड्यात दगड ठेवू देईल होय?"

दहा पोत्यांचं कोडं वेगळं का?

त्यात तागडी नसते, आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. दहा पिशव्यांत नाणी, एका पिशवीतलं प्रत्येक नाणं १ ग्रॅमने हलकं. पहिल्या पिशवीतून एक, दुसऱ्यातून दोन, असं दहाव्यातून दहा काढा. एकूण ५५. एकदाच तोला. ५५ खऱ्या नाण्यांच्या वजनापेक्षा जितके ग्रॅम कमी, त्या नंबरची पिशवी.

कॅम्पस मुलाखतीत हे विचारतात म्हणे?

बेळगावच्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून ऐकतो तर आठ किंवा नऊ चेंडूंचं कोडं अजूनही येतं. तोंडपाठ उत्तर फेकू नका. "जड आहे हे माहीत आहे का?" एवढं आधी विचारा. समोरचा मान वर करून बघतो.

दोन लबाड असतील तर?

मग वरचं काहीच लागू नाही. शक्यता नव्याने मोजा.

आणखी एक द्या की, रविवारपर्यंत.

सहा डब्या: दोन निळ्या, दोन पांढऱ्या, दोन तपकिरी. (मराठी झेंड्याचा भगवा आणि कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा मुद्दाम टाळलाय, डब्यांवरून तरी भांडण नको.) प्रत्येक रंगात एक जड आणि एक हलकी. तीनही जड डब्या एका वजनाच्या, तीनही हलक्या एका वजनाच्या. दोन तोलांत सहाही ओळखा. शक्यता ८ आहेत, उत्तरं ९, म्हणजे जागा आहे. पहिल्या तोलात एका रंगाच्या दोन्ही डब्या वेगवेगळ्या पारड्यांत ठेवा. पुढचं रविवारी, आणि येताना ती जादाची वाळू परत आणा.